पाचोळा जाळणं बंद करा, आमचा हिवाळा आम्हाला जगू द्या

आज सकाळी सव्वासहाला खिडकी उघडली आणि गार वाऱ्याच्या जागी धूर आत आला. परत. या आठवड्यातली ही चौथी वेळ. खाली पार्किंगच्या कडेला बदामाच्या झाडाखाली पाचोळ्याचा ढीग पेटवलेला, ज्वाळा कुठेच नाहीत, नुसता पिवळट पांढरा धूर, कारण रात्रीच्या दवाने पानं ओली असतात, ती धड जळतही नाहीत नि विझतही नाहीत, तीन तीन तास धुमसत राहतात. मी धावत सगळ्या खिडक्या लावल्या, सासूबाईंच्या खोलीचं दार लावलं, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला, तरी पाच मिनिटांत त्यांचा खोकला सुरू झाला. मग किचनमध्ये उभी राहून मी रडले, रागाने. आत्ता लिहितानाही तो राग उतरलेला नाहीये.

अहो पुण्यात हिवाळा असतो किती? नोव्हेंबरच्या मध्यापासून धरा, फेब्रुवारी अर्धा होईस्तोवर उन्हं लागायला लागतात. जेमतेम तीन महिने. मार्चपासून जूनपर्यंत आम्ही उकडून निघतो, नंतर चार महिने पाऊस नि चिखल, आणि या सगळ्यात वाट कशाची बघायची तर या तीन महिन्यांची, की सकाळी शाल गुंडाळून बाल्कनीत चहा घेऊन बसता येईल, कुंड्यांमधली मेथी खुडता येईल, रविवारी पहाटे पक्षी बघायला जाता येईल, नाताळची चांदणी बाल्कनीत लावता येईल. हे सगळं एवढंसं मागणं आहे, पैसे पण लागत नाहीत त्याला. आणि तेवढंसुद्धा एक काडी ओढून संपवतात ही माणसं.

बदामाचं झाड ज्यांच्या सोसायटीत आहे त्यांना माहितीय, डिसेंबर आला की त्याची पानं लालभडक होतात आणि गळायला लागतात, तळहाताएवढी नाही, त्याच्याहून मोठी, जाडजूड पानं. रोज एक घमेलं भरतं. ज्याच्या घरी चार कुंड्या आहेत ना त्याला विचारा ही पानं म्हणजे काय आहे ते. तळाला दोन इंच पानं, वर माती, की कुंडी हलकी होते, पाणी तुंबत नाही. मातीवर पसरली तर ओल टिकते, पाणी एक दिवसाआड घातलं तरी चालतं. पोत्यात भरून, थोडं शेणपाणी नाहीतर आंबट ताक शिंपडून ठेवली की काही महिन्यांत काळंभोर, पावसात भिजलेल्या रानाच्या वासाचं खत तयार होतं. मी गेली सहा वर्षं हेच करतेय. माझ्या टोमॅटोला, शेवंतीला, कोथिंबिरीला मी बाहेरून आणलेलं काही घालत नाही. आणि आमच्याच बिल्डिंगमधले लोक नर्सरीतून कोकोपीटच्या विटा आणि खताच्या पिशव्या विकत आणतात आणि त्याच सकाळी खाली हे जळत असतं. डोकं फिरतं बघून.

आता जे झालं ते सांगते. नोव्हेंबरच्या शेवटापासून मी रोज खाली जाऊन पानं गोळा करत होते. ऑफिसच्या आधी अर्धा तास. स्वतःच्या हाताने, प्लास्टिक वेगळं काढून, काड्या वेगळ्या काढून. पाच पोती भरली होती. कमिटीला विचारून, हो विचारून, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवली होती, वर पाटी लावली होती, "खतासाठी आहे, कृपया जाळू नये". मंगळवारी मी दोन दिवसांसाठी माहेरी गेले. परत आले तर कोपऱ्यात काळा डाग. पाचही पोती पेटवून दिली होती. पोत्यांसकट! प्लास्टिकची पोती होती ती, युरियाची असतात ना तशी विणलेली, ती वितळून फरशीला चिकटलेली, आणि वर भिंतीपर्यंत काजळी. पाटीसुद्धा त्यातच गेली.

वॉचमन काकांना विचारलं तर बिचारे म्हणाले, ताई, मला वरून सांगितलं साफ करायला, मी काय करणार. त्यांच्यावर माझा राग नाहीच. रात्रभर त्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचं म्हणजे थंडी वाजणारच, ते शेकोटी करतात तेव्हा मी कधी चकार शब्द काढला नाही, उलट त्यांना नीट ब्लँकेट नि दार लागणारी केबिन द्या म्हणून मी दोनदा मीटिंगमध्ये बोललेय. शेकोटी वेगळी आणि कचऱ्याची विल्हेवाट म्हणून घमेली घमेली पानं पेटवणं वेगळं. राग आहे तो वरून सांगणाऱ्यांवर.

त्यांच्याकडे गेले. काय उत्तर मिळालं? "अहो मॅडम, पूर्वीपासून जाळतात, आमच्या लहानपणी वाड्यात पण जाळायचे, कोणाला काही झालं का?" अहो वाड्याच्या चारी बाजूंनी पाच पाच मजल्यांच्या बिल्डिंगी होत्या का तेव्हा? त्या पाचोळ्यात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, पार्सलचा थर्माकोल होता का? आणि काही झालं का म्हणून कोण बघायला गेलं होतं? आमच्या सासूबाई त्याच काळातल्या, वाड्यातच वाढलेल्या, त्यांना विचारा छातीत काय होतं ते. दुसरं कारण, पानांत डास होतात म्हणे. डास साठलेल्या पाण्यात होतात हो, कोरड्या पानांत नाही. टेरेसवरची टाकी गेले तीन महिने उघडी आहे, तिचं झाकण आधी लावा. तिसरं कारण, साप. सहा वर्षांत एक साप निघाला नाही.

आणि थंडीत जाळणं सगळ्यात वाईट, हे कोणी समजूनच घेत नाही. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते, आणि वरती तिच्यापेक्षा उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. उन्हाळ्यात धूर सरळ वर निघून जातो, हिवाळ्यात सकाळी तो वर जाऊच शकत नाही, दुसऱ्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीला आडवा पसरून बसतो. आणि आम्ही तिथेच राहतो, तिसऱ्या मजल्यावर. हे धुराचे कण एवढे बारीक असतात, अडीच मायक्रॉन नि त्याच्याही खाली, की नाकातले केस, कफ, काहीच त्यांना अडवत नाही, सरळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. माझी लेक आठ वर्षांची आहे. तिला इनहेलर सुरू झालाय या डिसेंबरात. कॅरलच्या प्रॅक्टिसला पंधरा दिवसांत ती तीनदाच जाऊ शकली, गायला लागली की खोकला.

पक्ष्यांचं काय बोलायचं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर दर हिवाळ्यात एक थिरथिरा यायचा. चिमणीएवढा, काळा नि पोटाकडे विटकरी, शेपूट सारखी थरथरवत बसणारा. तो हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून थंडीसाठी इथवर येतो, आणि बसतो आमच्या पार्किंगच्या भिंतीवर, मला तर दरवर्षी त्याचं अप्रूप वाटतं. माझ्या वहीत मागच्या पाच वर्षांच्या नोंदी आहेत. यंदा ऑक्टोबरअखेर आला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रोज दिसला, मग जाळणं सुरू झालं आणि त्यानंतर वहीत त्याच्या नावापुढे काहीच नाही. सातभाईंचा थवा तर पाचोळ्यावरच जगतो, कलकलाट करत एकेक पान उलटून खालचे किडे, अळ्या टिपायचे, लेकीला मी तेच बघायला शिकवलं, की बघ पान उलटायच्या आधी मान कशी तिरकी करतो ते. आता पानंच नाहीत तर काय उलटणार? राखेत काय सापडणार त्यांना?

आणि ते बदामाचं झाड. त्याच्या बुंध्याशीच रोज आग लावतात, एका बाजूची साल काळी पडून सुटायला लागलीय. झाडाचं अन्न सालीच्या आतल्या थरातून जातं, तो थर भाजला की झाड त्या बाजूने मरतं, एका दिवसात नाही, दोन-तीन वर्षांत. महाराष्ट्राचा शहरी झाडांसाठीचा १९७५ चा कायदा आहे, त्यात झाड तोडणं याच्या व्याख्येत झाड जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही धरलंय. २०१६ च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट केलं होतं की कचरा जाळायचा नाही आणि बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार, आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार रुपये भरायला लावायचे असं सांगितलंय. हे सगळं मी प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावलं. दुसऱ्या दिवशी काढून टाकलेलं.

बाहेर पळावं म्हटलं तर तिथेही सुटका नाही. मागच्या रविवारी उजनी धरणाकाठी भिगवणला पक्षी बघायला गेलो, पहाटे साडेचारला निघालो, लेकीला चक्रवाक आणि पट्टकदंब दाखवायचे होते, आणि नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. सोलापूर रोडला यवतच्या पुढे उजाडायला लागलं आणि दोन्ही बाजूंना उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेली सुकी पानं, जळतंय. गाडीच्या काचा बंद, आतली हवा फिरवत ठेवली, तरी वास. उजनीच्या पाण्यावर पोचलो तर पाण्यावर धुराचा पट्टा, समोरचा किनारा दिसत नाही, नाववाले दादा म्हणाले, ताई जरा थांबू, ऊन वर आलं की मोकळं होईल. नऊ वाजता मोकळं झालं. शेतकऱ्याला मी शहरात बसून शिव्या देणार नाही, तोडणीनंतर खोडव्याचं, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाचं, काम उरकायचं असतं, मजूर मिळत नाही. पण हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं म्हणतात, ते सरीत कुजवलं की पाणी वाचतं नि जमीन सुधारते, आणि कुजवणारे शेतकरी आहेत, मी बघितलेत त्यांचे प्लॉट. म्हणजे ज्यांच्याकडे दहा टन आहे ते करू शकतात, आणि आमच्या सोसायटीला दिवसाचं एक घमेलं झेपत नाही!

नाताळबद्दल लिहायचं म्हणजे घसा दाटतो. मी वसईची. आमच्याकडे नाताळचा गोठा, येशूच्या जन्माचा देखावा, म्हणजे दुकानातनं आणलेला सेट नव्हता कधी. बाबा वाडीतलं गवत, केळीची सोपटं, सुकी पानं आणायचे आणि आई दोन आठवडे आधी पसरट ताटात नाचणी पेरायची, की चोवीस तारखेला गोठ्याभोवती हिरवंगार शेत उभं राहील. ते मी पुण्यात आल्यावरही सोडलं नाही. यंदा दहा तारखेला लेकीने स्वतः नाचणी पेरली, रोज पाणी शिंपडलं, परवा कोंब बोटभर झाले. आज बघितलं तर सगळ्या कोंबांवर राख. हिरव्यावर करडं. पांढऱ्या कागदाची चांदणी बाल्कनीत लावली होती, आठवड्यात ती मळकी पिवळी झाली. गोठ्याच्या छपराला त्या पोत्यांतलीच बदामाची लाल पानं वापरायची होती, तिने वीस मोठी मोठी निवडून वरच ठेवली होती. विचारत होती, आई, माझी पानं का जाळली? काय सांगू मी तिला?

आणि हो, आमच्या लोकांनाही सांगते, एकतीस डिसेंबरला म्हातारा, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात तेव्हा आत काय काय भरतात ते बघा जरा. जुने नायलॉनचे कपडे, टायरचे तुकडे, फटाके. माझ्या भावाशी मी यावरून दोन वर्षं भांडले, आता तो नुसतं गवत नि कागद घालून छोटासा करतो. तेवढं तरी करा.

मला कोणाची माफी नकोय. गेलेली पाच पोती परत येणार नाहीत. मला भिंतीलगत सहा फूट बाय चार फूट जागा हवीय, जाळीचा एक पिंजरा मी माझ्या पैशाने करून घेते, झाडणाऱ्या मावशींशी बोललेय, त्या म्हणाल्या पिंजरा असेल तर त्यातच टाकीन, जाळायला मला तरी कुठे आवडतं, माझेच डोळे चुरचुरतात. हा अर्ज तीन वेळा दिलाय. तिन्ही वेळा "पुढच्या मीटिंगला बघू".

तोवर मी रोज पावणेसहाला खाली जाणारे. खराटा नि घमेलं विकत आणलंय, स्वेटर, कानटोपी घालून झाडाखाली खुर्ची टाकून बसणार, लेकही येते म्हणालीय, तिला मी वरच थांब सांगितलं तर ऐकत नाहीये. ज्याला काडी ओढायचीय त्याने माझ्यासमोर येऊन ओढावी.