टॅब दाबून पाहा, मग कायद्याचं बोलू

‘तुमच्याकडे युरोपात दंड आहे भो, म्हणून होतं. इकडे कोण विचारतंय?’ स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध माणसाला बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालेल अशी साईट बनवा म्हटलं की जळगाव-धुळ्याकडच्या वेबसाईटवाल्यांचं हे ठरलेलं उत्तर. त्यात निम्मं तथ्य आहे. युरोपीय सुगम्यता कायदा (सुगम्यता म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येणं) २८ जून २०२५ पासून लागू झाला. ऑनलाइन दुकानं, बँका, तिकीटविक्री त्यात येतात, आणि जर्मनीत दंड एक लाख युरोपर्यंत जाऊ शकतो. पण दहापेक्षा कमी माणसं आणि वीस लाख युरोपर्यंत उलाढाल असलेला सेवा देणारा त्यातून वगळलेला आहे. म्हणजे अमळनेरच्या छोट्या दुकानदाराएवढा दुकानदार युरोपातही कायद्याबाहेरच.

आणि भारतात कायदा नाही, हे तर खरंच नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याचं ४२ वं कलम माहिती-तंत्रज्ञानाबद्दल आहे, आणि ४६ वं सरकारीबरोबर खासगी सेवांनाही लागू होतं. आयएस १७८०२ हे डिजिटल सुगम्यतेचं भारतीय मानक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत असं सांगितलं, आणि ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. कागद दोन्हीकडे भरलेला आहे.

फरक आहे तो कबुलीचा. युरोपातल्या सरकारी साईटला सुगम्यता निवेदन द्यावंच लागतं: कोणता भाग चालत नाही, का चालत नाही, तक्रार कुणाकडे करायची. आपल्याकडच्या सरकारी साईटवर त्या जागी ‘स्क्रीन रीडर ॲक्सेस’ नावाचं पान असतं आणि त्यावर स्क्रीन रीडरांची नावं व डाउनलोडच्या लिंका असतात. ज्या अंध माणसाकडे स्क्रीन रीडर नाही त्याला ते पान वाचता येत नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला त्या यादीचं काम नाही. तो माउसऐवजी कीबोर्डची टॅब कळ दाबत एकेका लिंकवर किंवा बटणावर जातो, म्हणून शेजारची अक्षर लहान-मोठं करायची तीन बटणंही त्याला टॅबचे तीन जादा थांबेच.

आता मेनूकडे. एखाद्या तालुक्याच्या बाजार समितीची किंवा पतसंस्थेची साईट डोळ्यांसमोर आणा. वर लोगो, भाषा, फेसबुकचं चिन्ह, मग सात मुख्य नावं आणि त्यांच्या पोटात चाळीसेक उपनावं. दिसणारा माणूस केळीचा आजचा भाव एका नजरेत गाठतो. कीबोर्डवाल्याला प्रत्येक पानावर पन्नासदा टॅब दाबल्याशिवाय मजकूर सापडत नाही. म्हणून पानावरची पहिली लिंक ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी हवी. ती एरवी दिसली नाही तरी चालेल, पण फोकस आला, म्हणजे टॅब तिच्यावर थांबला, की दिसायला हवी. इथे दोन चुका हमखास होतात. एक, ती डिस्प्ले नन (display: none, म्हणजे पानावरून पूर्ण काढून टाकणं) करून लपवतात, मग फोकस तिच्यावर येतच नाही. दुसरी, ती ज्या आयडीकडे, म्हणजे कोडमधल्या ज्या नावाच्या जागेकडे, नेते तो आयडीच पानावर नसतो. टेम्प्लेट बदललं, लिंक तशीच राहिली. मजकुराच्या मेन (main) भागाला तो आयडी द्या आणि टॅबइंडेक्स उणे एक (tabindex=-1) ठेवा, म्हणजे फोकस तिथे जाऊ शकतो. नाहीतर काही वेळा पान खाली सरकतं, फोकस मात्र वरच राहतो आणि पुढचा टॅब पुन्हा मेनूत नेतो.

तरी सराईत माणूस टॅबवर अवलंबून नसतोच. एनव्हीडीए या फुकट मिळणाऱ्या स्क्रीन रीडरमध्ये तो एच दाबून हेडिंगांवरून उड्या मारतो, डी दाबून पानाच्या विभागांवरून, आणि इन्सर्ट-एफ७ने लिंकांची सगळी यादी काढतो. त्या यादीत अठरा वेळा ‘अधिक वाचा’ आलं तर यादी वाया गेली. ‘केळी भाव’, ‘सभासद अर्ज’ अशी नावं लिंकलाच द्या. शीर्षक ठळक करून मोठं दिसत असेल, पण कोडमध्ये शीर्षकाची एच२ (h2) ही खूण लावलेली नसेल, तर स्क्रीन रीडरच्या लेखी ते शीर्षकच नाही.

मेनू नॅव्ह (nav) या घटकात ठेवा, नावं साध्या यादीत. मग ‘सात गोष्टींची यादी’ असं आधीच ऐकू येतं आणि किती पुढे जायचं याचा अंदाज येतो. वर आणि तळाशी असे दोन मेनू असतील तर एरिया-लेबलने (aria-label; एरिया म्हणजे स्क्रीन रीडरसाठीच्या कोडमधल्या खुणा) त्यांना ‘मुख्य’ आणि ‘तळाचा’ अशी नावं द्या. त्यात ‘नेव्हिगेशन’ लिहू नका, तो शब्द स्क्रीन रीडर स्वतःच बोलतो. आपण ज्या पानावर आहोत त्या लिंकला एरिया-करंट (aria-current) लावा. रंग बदललेला त्याला दिसत नाही.

सगळ्यात जास्त घोळ उपमेनूचा. माउस नेल्यावरच उघडणारा उपमेनू कीबोर्डला बंद दार. उलट काही जण तो नुसता पारदर्शक करून किंवा पडद्याबाहेर ढकलून लपवतात. मग न दिसणाऱ्या चाळीस लिंका टॅबला एकेक करून लागतात आणि माणूस कुठे आहे तेच कळेनासं होतं. मुख्य नावाशेजारी खरं बटण ठेवा, त्याला उघडं की मिटलेलं ते सांगणारं एरिया-एक्सपांडेड (aria-expanded) लावा, एंटरने उघडू द्या, एस्केपने मिटू द्या. मिटल्यावर फोकस त्या बटणावर परत आणा. मिटलेला भाग डिस्प्ले ननच हवा. इथे ते योग्य आहे. आणि हौसेने रोल मेनू (role=menu) लावू नका. तो लावला की स्क्रीन रीडर बाणांच्या कळांची अपेक्षा धरतो, आणि बाणांचा कोड कुणी लिहिलेला नसतो.

मोबाइलवर हीच गोष्ट तीन रेघांच्या चिन्हात अडकते. ते बहुतेकदा क्लिक जोडलेला डिव्ह (div), म्हणजे कोडमधली नुसती चौकट, असते. टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर, त्याला बटण म्हणत नाही, कधी नावही सांगत नाही. बटण घटक वापरा, नाव ‘मेनू’. मेनू पूर्ण पडदा व्यापत असेल तर मागचं पान इनर्ट (inert), म्हणजे निष्क्रिय, करा, नाहीतर बोट सरकवता सरकवता माणूस झाकलेल्या मजकुरात शिरतो.

मराठी साईटची एक खास खोड आहे. टेम्प्लेट इंग्रजी असतं आणि एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा इंग्रजीच राहते. मग मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो, आणि त्या आवाजाप्रमाणे देवनागरी अक्षरं गळतात किंवा सुटी सुटी वाचली जातात. भाषेचा कोड एमआर (mr), म्हणजे मराठी, करा. अहिराणी मजकुरालाही तूर्त तोच ठेवा. अहिराणीचा स्वतंत्र कोड आहे, पण तो बोलणारा आवाज नाही.

यातलं मेनूचं काम बहुतेकदा हेडरच्या, म्हणजे पानाच्या वरच्या भागाच्या, एका फाइलीत असतं. ती सुधारली की सगळ्या पानांवरचा मेनू सुधारतो. हाताशी बरा डेव्हलपर असेल तर दिवसाभराचं काम. खर्चिक आहे ती मागची अडगळ: कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत टाइप केलेल्या नोटिसा, ज्या स्क्रीन रीडरला रोमन अक्षरांचा कचरा म्हणून ऐकू येतात, आणि स्कॅन करून टाकलेले पीडीएफ, ज्यांत वाचण्यासारखं एकही अक्षर नसतं. ते एका झटक्यात होणार नाही. निदान आजपासूनची नोटीस युनिकोडमध्ये काढा.

हे सगळं करण्याऐवजी कोपऱ्यात व्हीलचेअरच्या चिन्हाचं, मजकूर बोलून दाखवणारं तयार विजेट बसवायचा सल्ला फार चालतो. विकत घेऊ नका. तसं विजेट विकणाऱ्या ॲक्सेसिबी कंपनीला ‘कुठलीही साईट आमच्यामुळे निकषात बसते’ अशा दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. अंध माणसाकडे स्वतःचा आवाज आणि स्वतःचा वेग आधीच असतो. त्याला साईटचा दुसरा आवाज नको, नीट नाव असलेलं बटण हवं.

युरोपातलंही सगळं आलबेल आहे असं नाही. इथल्या साईटवर कुकीची परवानगी मागणारा पडदा येतो. बऱ्याचदा तो कोडमध्ये पानाच्या शेवटी असतो, त्यामुळे तो उघडलाय हे स्क्रीन रीडरला कळतच नाही. ही उसनवारी करू नका.

‘पण आमच्या साईटवर अंध येतात तरी किती?’ हा आकडा कुणालाच काढता येणार नाही, कारण स्क्रीन रीडर स्वतःची ओळख साईटला सांगत नाही. भेटींच्या आकडेवारीत तो माणूस इतरांसारखाच दिसतो, किंवा पहिल्या पानावरून परत गेलेला.

दंडाची वाट पाहायची नसेल तर साईट बनवणाऱ्याला द्यायच्या कार्यादेशात अटी लिहा. ‘साईट सुगम्य असावी’ हे वाक्य बिनकामाचं, ते तपासता येत नाही. त्याऐवजी लिहा: पहिल्या टॅबला ‘मुख्य मजकुराकडे जा’ आलं पाहिजे, माउस काढून ठेवून प्रत्येक उपमेनू उघडला आणि मिटला पाहिजे, एनव्हीडीए आणि टॉकबॅक वापरणाऱ्या व्यक्तीला मदतीशिवाय आजचा भाव आणि अर्ज सापडला पाहिजे, तोवर बिलाचे दहा टक्के राखून ठेवले जातील. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत स्क्रीन रीडरवर अभ्यास करणारी मुलं सापडतील. त्यांना चाचणीला बोलवा, आणि दिवसाचं मानधन त्याच कार्यादेशात धरा.