'दारुड्यांची वकिली' म्हणणाऱ्या वाचकाला

दारूचं व्यसन घराण्यात कसं उतरतं यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट तीनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "व्यसन रक्तात असतं वगैरे म्हणजे दारुड्यांची वकिली आहे, खरा प्रश्न इच्छाशक्तीचा, आणि अभ्यास तरी सगळे गोऱ्यांचेच." एक चूक तुम्ही बरोबर दाखवलीत, लेखातला दत्तक मुलांचा तो १९७३ चा अभ्यास स्वीडनचा नाही, डेन्मार्कचा. दुरुस्त केलंय.

पण वकिली? अहो, हा शब्द टाकायच्या आधी लेख शेवटपर्यंत वाचायचात तरी. बाप पितो म्हणून पोरगा पिणारच असं मी कुठे म्हटलंय? त्याच अभ्यासात जन्मल्यावर सहा आठवड्यांच्या आत दत्तक गेलेले ५५ मुलगे होते, ज्यांच्या सख्ख्या आईला किंवा बापाला व्यसन होतं. ते ज्या घरात वाढले तिथे ते सख्खे आईबाप नव्हतेच, तरी १८ टक्के व्यसनी झाले, आणि ज्यांचे सख्खे आईबाप पिणारे नव्हते त्या दत्तक मुलांत ५ टक्के. म्हणजे धोका तिप्पट-चौपट, पण बहुतेक जण सुटलेच ना? याला वकिली म्हणतात का?

माझे वडील प्यायचे. थोरला भाऊ पहिल्यापासून उतावळा, विहिरीत पहिली उडी त्याची, मारामारीत पहिला हात त्याचा. कॉलेजात मित्र कौतुकाने सांगायचे की दोन क्वार्टर मारूनही हा गडी सरळ चालतो, आणि खरं सांगतो, मलाही तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. नंतर कळलं की शुकिट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पिणाऱ्या बापांच्या मुलांमध्ये नेमकं हेच पाहिलंय, सुरुवातीला ज्याला कमी चढते त्याला पुढे धोका जास्त, कारण बास म्हणायची वेळ त्याला कळतच नाही आणि पेग वाढत जातात. हे आम्हाला विसाव्या वर्षी कुणी सांगितलं नाही. आणि इच्छाशक्तीचं म्हणाल तर आईच्या पायावर डोकं ठेवून त्याने तीनदा सोडली, तिन्ही वेळा मनापासून, मी शेजारी उभा होतो. तुम्ही असं कुणाला पाहिलं नसेल तर जरा जपून बोलत जा.

गोऱ्यांच्या अभ्यासांवर वाद घालायला मला वेळ नाही.

पुतण्या आता सोळाचा आहे, स्वभाव हुबेहूब बापाचा. मी त्याला आजोबांपासून सगळं सांगितलं, आणि तुला चढत नाही असं मित्र म्हणाले तर त्याच दिवशी मला फोन कर हेसुद्धा.