तुम्ही इथलेच का?

“तुम्ही इथलेच का?” असं त्या पोरीनं विचारलं आणि मी ‘हो’ म्हटल्यावर तिचा चेहरा असा काही उतरला, की सोलापुरात जन्मून आपण तिचं मोठंच नुकसान केलं असावं असं वाटायला लागलं. “नाही म्हणजे, काका, हा एक्सपिरियन्स खरं तर बाहेरून येणाऱ्यांसाठी डिझाइन केलाय. तुम्ही तिकडं बसून कॉफी घेऊ शकता.” ‘तिकडं’ म्हणजे जिन्याखालचं स्टूल. तिथं बसतोय तोवर दुसरी एक पोरगी म्हणाली, “काका, फ्रेममध्ये येताय.” मी सरकलो. स्वतःच्या गावाच्या फ्रेममधून माणूस किती सरकू शकतो याला काही मर्यादा असावी, पण भिंत आडवी आली म्हणून थांबलो.

जागा म्हणजे जुन्या वाड्यात काढलेला कॅफे, आत हातानं विणायचं वर्कशॉप. गिलावा मुद्दाम उडवून विटा उघड्या केलेल्या. आमच्या घराचा गिलावा आपोआप उडालाय, त्याची कॉफी मात्र कुणी दोनशे ऐंशी रुपयांना घेत नाही. समोर काचेच्या चौकटीत सोलापुरी चादर आणि खाली पाटी: ‘कृपया स्पर्श करू नये’. ज्या चादरीवर अख्खा महाराष्ट्र लग्नाच्या वऱ्हाडात पालथा झोपला, जिच्यात आजारी पोरं गुंडाळून दवाखान्यात नेली, ती आता स्पर्श न करण्याची वस्तू झाली.

टेबलावर कार्ड होतं, ‘क्रिएटिव्ह सोलापुरात करण्यासारख्या गोष्टी’. म्युरलसमोर, म्हणजे भिंतीवरच्या चित्रासमोर, फोटो. स्वतःच्या हातानं कोस्टर विणणे. ज्वारी क्रॅकर आणि पीनट क्रंबल. सिद्धेश्वर तलावावर संध्याकाळचा सोनेरी प्रकाश. त्या प्रकाशाबद्दल माझी तक्रार नाही, तो फुकट आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी पाच वाजता त्या सोनेरी प्रकाशात उभं राहून दाखवावं. बाहेरच्यांना खरंच काही बघायचं असेल तर सकाळी सहा ते नऊ, नाही तर सरळ संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत यावं. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, आणि हलग्यांचा दणदणाट असतो, आणि तिथं ‘फ्रेममध्ये येताय’ म्हणणाऱ्यालाच गर्दी उचलून फ्रेमबाहेर नेते.

अशा कॅफे-म्युरलवाल्या ट्रेंडी वस्तीबद्दल मला एकच म्हणायचंय. आधी काम होतं, मग गप्पा होतात, मग चांगला चहा मिळतो, आणि सगळ्यात शेवटी भिंतीवर चित्र येतं. मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९ मध्ये सुरू झाला; शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथं उभी आहे. म्हणजे चित्रकारांनी आधी बरीच दशकं पायऱ्या झिजवल्या. लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल झाला, तेही आधी तिथं गिरणी चालली होती म्हणून. सोलापुरात १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली. आता ‘जुनी मिल’ हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता उरलाय. आपण मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून थेट भिंतीवरच्या चित्राला हात घातला. चित्रात एक बाई माग चालवतेय आणि तिच्या मागाला ताणाच नाही, म्हणजे उभे धागेच नाहीत. नुसत्या हवेवर विणतेय. सोलापूरच्या भिंतीवर असं चित्र काढायला छाती लागते.

तर अण्णा.

अण्णा वर्कशॉपचे पाहुणे नव्हते. विणकरांच्या पूर्व भागातून सायकलीवर सुताचे कोन घेऊन आले होते आणि पैसे देणारा माणूस ‘पाच मिनिटांत’ येणार म्हणून दाराशी उभे होते. अर्धा तास झाला होता. लुंगी, पांढरा शर्ट, खिशात चष्मा. घरात तेलुगू, बाजारात मराठी, हिशेब दोन्ही भाषांत. आत सात-आठ पाहुणे खिळे ठोकलेल्या लाकडी चौकटी मांडीवर घेऊन बसले होते आणि डोक्यावर अंबाडा बांधलेला एक तरुण त्यांना ‘धाग्याशी संवाद साधा’ असं सांगत होता. अण्णांनी चष्मा काढला, लावला आणि बघितलं.

“अय्यो. ताण्याला लोकर लावलाव की ओ.”

“टेक्श्चरसाठी काका,” अंबाडा म्हणाला.

“टेक्श्चर आडव्या धाग्याला, बाण्याला ठेवा. ताण्याला पीळदार सूत पायजे. लोकर लांबतीय. आता ताठ दिसलालंय, दहा ओळी मारा, मधे पोट सुटतंय बगा.”

पोट सुटलंच. शेवटच्या खिळ्यांकडं जाईपर्यंत हात सैलावतो, हे घरी चौकट करून बघणाऱ्या सगळ्यांचं होतं. अण्णांनी न विचारताच उपाय सांगितला: सगळा ताणा भरून झाला की तळहात आडवा फिरवायचा. जिथं धागा दबतो तिथून पुढचे सगळे धागे एकेक करून ओढत शेवटच्या खिळ्यापर्यंत जायचं आणि तिथं नवी गाठ. मधलाच एक धागा ओढला तर शेजारचा सैल होतो, मग संध्याकाळपर्यंत तेच. खिळे इंचाला आठ. चार इंचाच्या कोस्टरला बत्तीस धागे. सुरुवातीच्या चार ओळी टाकाऊ जाड दोऱ्याच्या, म्हणजे धागे सारख्या अंतरावर बसतात. त्या नंतर काढून टाकायच्या.

मग ते एका पाहुण्या बाईंजवळ थांबले. कोस्टर दोन्ही टोकांना चार इंच, मध्ये अडीच.

“मॅडम, कंबर करलालाव.”

बाईंनी दचकून स्वतःकडं बघितलं.

“ह्याला ओ, कापडाला. बाणा सरळ ओढू नका. धागा वर-खाली वळसे घेत जातोय, लांबी जास्त लागती त्याला. सरळ ओढला की दोन्ही काठ आत येतात. तिरपा टाका, असा, डोंगर चढल्यागत. मग काट्यानं खाली ठोका. आपोआप बसतंय.”

बाईंनी तिरपा टाकला. काठ जागेवर राहिला. त्यांनी अंबाड्याकडं असं बघितलं, की मला स्टुलावर बसल्या बसल्या दोनशे ऐंशी रुपये वसूल झाल्यासारखं वाटलं. अंबाडा पोरगा वाईट नव्हता, फक्त त्याला वेळापत्रक होतं. तो प्रेमानं म्हणाला, “काका, तुम्हाला इंटरेस्ट दिसतोय. आजची बॅच फुल आहे. रविवारी बिगिनर्सची आहे, नाव लिहू का?”

इंदिरा गांधी पंतप्रधान असल्यापासून मागावर उभा राहिलेल्या माणसाला बिगिनर्सच्या बॅचमध्ये जागा मिळत होती. अण्णा रागावले नाहीत. गिऱ्हाइकावर रागवायचं नसतं, हे त्यांना मागापेक्षाही जास्त सवयीचं असावं. त्यांनी विचारलं, “फी?”

“सातशे.”

“तुकडा केवढा?”

“चार बाय चार.”

अण्णांनी कोनावरचा कागद सोडवला, खिशातून पेन काढलं आणि भिंतीच्या त्या कलात्मक विटेवर कागद टेकवून हिशेब मांडला. “साठ-नव्वदची चादर धरू. चोपन्नशे चौरस इंच. तुमचं हे सोळा. म्हणजे एका चादरीत तीनशे साडेसदतीस तुकडे. गुणिले सातशे...” ओठ हलले. आकडे तेलुगूत गेले आणि मराठीत परत आले. “दोन लाख छत्तीस हजार दोनशे पन्नास.”

कुणी काही बोललं नाही.

“एका चादरीला,” अण्णा म्हणाले. “आणि हा तुकडा उलटा वापरता येईना. चादर दोन्हीकडनं वापरता येतीय.”

“काका, आम्ही कापड विकत नाही,” अंबाडा म्हणाला, “आम्ही प्रोसेस विकतो.”

“आमचीबी प्रोसेसच होती की. आम्हाला नगावर मजुरी मिळाली.”

यावर हसावं असं मला वाटलं होतं. हसू आलं नाही. मागावर दिवस घालवला तरी पैसे तयार नगाचे. सूत तुटलं, वीज गेली, कांडीवरचं सूत संपलं, तो वेळ विणकराचा. अंबाड्याच्या वर्कशॉपात धागा तुटला तर त्याला ‘हॅपी अॅक्सिडेंट’ म्हणतात. इकडं तुटला तर मजुरी कापतात. आणि माग बंद पडला की भंगारवाला तो वजनावर नेतो, लाकूड वेगळं, बिडाचं लोखंड वेगळं.

तेवढ्यात काउंटरवरच्या पोरीचा फोन वाजला. “आई गं, पाणी आलंय!” आणि ती गेली. कॉफी करणारा पोरगा गेला. फ्रेमवाली पोरगी फोन तिपाईवर ठेवूनच पळाली. काही दिवसांआड येणारं पाणी कुणाच्या बॅचसाठी थांबत नाही. सोलापुरात कुठलाही क्रिएटिव्ह कार्यक्रम ठरवायचा तर आधी कुठल्या पेठेत कुठल्या दिवशी पाणी हे बघावं, नाही तर पाहुणे उरतात आणि यजमान पिंपाशी. या गोष्टीचा त्या कार्डावर उल्लेख नव्हता, ‘स्थानिक जीवनाचा अनुभव’ या सदरात तो सहज बसला असता.

खरा माग बघायचाच असेल तर पूर्व भागात जावं. आवाज आधी येतो, पत्ता नंतर सापडतो. दारात उभं राहून मालकांना विचारावं, फोटोचं वेगळं विचारावं. ओढणी, उपरणं, मोकळे केस बांधून घ्यावेत, पट्ट्यात अडकतात. आणि मागाच्या बाजूला, धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी नळी, ज्या रेषेत पळतो तिथं कधीही उभं राहू नये. धोट्याची टोकं धातूची असतात आणि तो कधीमधी सुटून उडतो. समोर उभं राहावं, जिथं कापड गुंडाळलं जातं. वर मान केली की जॅकार्ड दिसतं: भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तिचा धागा उचलला जातो, नसेल तिथं धागा खाली राहतो. माळ ओवताना एक पुठ्ठा पुढं-मागं झाला, तर मोराच्या पिसाऱ्यात एक ओळ चुकते, आणि जितके मोर तितक्या वेळा चुकते. ही युक्ती फ्रान्समध्ये १८०४ मध्ये निघाली. आपल्याकडं तिच्यावर चादरी विणल्या, देवांच्या आणि पुढाऱ्यांच्या तसबिरी विणल्या. पुढारी चादरीवर नेहमी खऱ्यापेक्षा गोरा येतो, त्याला जॅकार्डचा इलाज नाही.

विकत घ्यायची तर चाटी गल्लीत घ्या किंवा कारखान्याच्या दुकानात, पण आधी उलटी करून बघा. खऱ्या चादरीत मागच्या बाजूला तेच नक्षीकाम रंग पालटून दिसतं. मागं नुसतेच लोंबते धागे किंवा छापाची पांढुरकी सावली दिसली तर ठेवून द्या. काठाचा एक धागा दुकानदाराकडं मागून घ्या आणि घरी जाळा: सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून काळा टणक मणी. चादर आणि टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, तरी ‘सोलापुरी’ म्हणून बाहेरचा माल गाडीवर विकला जातोच. पहिल्या दोन-तीन धुण्यांत वेगळी, थंड पाण्यात आणि सावलीत. गरम पाण्यात घातली तर लाल रंग सुटतो, आणि मग पांढरा शर्टही सोलापुरी होतो.

अण्णांचे पैसे शेवटी आले. पैसे देणाऱ्यानं आधी विचारलं, “पुढच्या वेळी तुम्हीच एक सेशन घ्याल का? स्टोरी छान आहे तुमची.” अण्णांनी विचारलं, नगावर का तासावर? तो म्हणाला, बघू. अण्णांनी कोनांचे पैसे मोजून घेतले, शंभरची एक फाटकी नोट बदलून मागितली आणि सायकल काढली.

मग माझ्यासमोर ते पीनट क्रंबल आलं. मी मागवलं नव्हतं. पाणी भरायला गेलेल्या कुणाची तरी ऑर्डर चुकून माझ्या स्टुलावर आली आणि बिलातही आली. एकशे ऐंशी रुपये. क्रंबल म्हणजे आपली शेंगाचटणी. ती करायला पाव किलो शेंगदाणे लागतात. ते मंद आचेवर, साल सुटेपर्यंत भाजायचे. आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं, मीठ, आणि खलबत्त्यात कुटायचं. घाई असेल तर मिक्सर, पण तो एकेक झटका देत फिरवायचा. सलग फिरवला तर आधी कोरडं पीठ होतं आणि मग एकदम लगदा. कुटताना दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं, चटणी बोटांत दाबली की गोळा धरते, आणि तीच तिची खूण. कडक भाकरीवर घ्यायची. यांनी मिक्सर फिरवून पीठ केलं होतं, आणि ते कोरडं पडलं म्हणून वरून ऑलिव्हचं तेल सोडलं होतं. सोलापुरात. शेंगदाण्यावर.