आजीची घागर, नातवाची तलवार

तलवार करून घ्यायला येणारा माणूस एकटा कधीच येत नाही. सोबत एक गोणी असते आणि गोणीत अख्खं घराणं: आजोबांच्या जीपचा कमानपाटा, आजीची पितळी घागर, पाडलेल्या वाड्याची कडी, बंबाचं तांब्याचं झाकण आणि काकूंनी निघताना कोंबलेला स्टीलचा डबा. 'सगळं एकत्र वितळवा,' असं तो भरल्या गळ्यानं सांगतो. ही भेळेची ऑर्डर झाली.

गोणी उघडण्याआधी मी परवान्याचं विचारतो. शस्त्र नियमांत तलवार नावानिशी आहे. चाकूसारख्या पात्यांना नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदीची मर्यादा आहे, घरगुती अवजारांना सूट. म्हणजे काकूंची विळी निर्धोक, पण पुतण्यानं पोलीस ठाण्यात चौकशी करूनच यावं.

मग ठिणग्यांवरून धातू ओळखायला एकेक वस्तू ग्राइंडरला लावायची. पाट्यात कार्बन सुमारे ०.६ टक्के, त्याच्या ठिणग्या भुईनळ्यासारख्या फुटतात. कडीच्या ठिणग्या लांब, तांबूस, न फुटणाऱ्या; हे लोखंड कितीही तापवून बुडवा, कडक होत नाही. डबा तर भट्टीत सख्ख्यांशीही जुळत नाही. त्याच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा जोडाआधी मळ काढणाऱ्या टाकणखारालाही दाद देत नाही. आणि तांबं पात्यात नकोच नको: ते १०८५ अंशांना वितळतं, पोलाद जोडायला लागतात साडेबाराशेच्या आसपास. वितळलेलं तांबं पोलादाच्या कणांमधून झिरपतं आणि घण पडला की पातं पावासारखं फाटतं.

थोडक्यात, पातं पाट्याचं. किलोभराच्या पात्याला दोन-अडीच किलोंचा पाटा घ्यावा. बाकीचं पोपडे होऊन आणि घासून जातं. पण घाट चढून दमलेल्या पाट्यात केसाएवढे तडे असतात. घडवताना गप्प बसतात, पाणी देताना, म्हणजे कडक करायला तापलेलं पातं बुडवताना, 'टिंग' करतात. त्या आवाजानंतर पुन्हा पहिल्यापासून. (पाणी देणं हे म्हणायचं, द्यायचं असतं कोमट तेल. खरं पाणी दिलं तर चांगला पाटाही तडकतो.) चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवून पातं उभंच बुडवायचं. आडवं घातलं तर तलवारीचा कोयता होतो. मग ठिसूळपणा जावा म्हणून सुमारे २५० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा शेकायचं. घरच्या ओव्हनमध्ये ते मावत नाही, हे तिरकं घालून पाहिल्यावरही खरंच राहतं.

आठवणींची जागा मुठीत. घागरीचा पत्रा मुशीत वितळवून मूठ ओतता येते, पण आधी आतली कल्हई खरवडायची आणि सांध्याचा डाख कापून टाकायचा, नाहीतर त्यातलं शिसं ओतकामात उतरतं. दारं-खिडक्या सताड उघड्या हव्यात. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरते. आईचे पैंजण असतील तर त्यांची तार काढून परजेवर, म्हणजे मुठीच्या हात राखणाऱ्या भागावर, कोफ्तगिरी करावी: छिन्नीनं बारीक जाळी पाडायची, तार ठोकून बसवायची. चांदीला एवढा मान पात्यात मिळाला नसता.

मूठ पात्याला बसते लाखेनं, आणि लाखेत मिसळतात विटेची पूड. म्हणून मी विचारतो, वाड्याची एखादी वीट उरली आहे का? गिऱ्हाईक गोणीत शेवटपर्यंत हात घालतं. वीट तेवढी आणलेली नसते.