खडशी, कावेरी आणि गळवाल्यांच्या वह्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कावेरीतल्या महाशीर या मोठ्या नदीमाशावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. बाहेरून आणून सोडलेली खडशी (महाशीरचीच एक जात) कावेरीत वाढली आणि तिथला मूळ महाशीर घटला, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचा राग मला कळतो. लोणावळ्याजवळच्या वळवणच्या मत्स्यबीज केंद्राने इतकी वर्षं खपून खडशी जगवली आणि मी त्यांनाच आरोपी केलं, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा, गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांची मी बाजू घेतली. आणि तिसरा, ‘नदीत मासे वाढले ना, मग तक्रार कसली?’

पहिल्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. ‘लोणावळ्याच्या माशाने कावेरी बिघडवली’ हे माझं वाक्य अन्यायाचं होतं. ते मी लेखातून काढलं आहे.

वळवणचं काम मी कमी लेखत नाही. खडशीची अंडी रोहू-कटल्यासारखी लाखोंनी पडत नाहीत. मोजकीच असतात, सोनेरी पिवळी, जड. रोहूचं अंडं एका दिवसाच्या आत फुटतं, खडशीचं तीन-चार दिवस घेतं, आणि तेवढा वेळ ते तळाच्या गोट्यांत पडून असतं. गाळ बसला की संपलं. पुढे धरण असेल तर मादी वर चढूच शकत नाही. अशा माशाचं बीज माणसाच्या हातून तयार करायचं, तर पावसाळ्यात पिकलेली मादी धरून हलक्या हाताने तिचं पोट दाबायचं, अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचं वीर्य सोडून पक्ष्याच्या पिसाने अलगद कालवायचं. पीस अशासाठी की अंड्याला धक्का लागू नये. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या मत्स्यतज्ज्ञांनी टाटांच्या तलावांवर हे तंत्र बसवलं. ही अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने लांब पाठवता येतात, हेही त्या दोघांनीच १९७९ मध्ये मांडलं. खडशी एकेकाळी धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ होती, आज नाही. साइक्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८३९ मध्ये जिचं वर्णन केलं ती आपल्या मुळा-मुठेतली मासळी, ‘खुद्री’ हे तिचं शास्त्रीय नावही इथल्याच बोलीतलं. तिच्याबद्दल आपुलकी मलाही आहे.

पण ती कृष्णा खोऱ्याची. कावेरीत तिचं घर नव्हतं. १९७० च्या दशकापासून तिची बोटुकली (बोटभर पिल्लं) कर्नाटकात गेली, कावेरीतही सोडली गेली, आणि सोडणाऱ्यांना वाटलं आपण महाशीर वाढवतोय. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळाच: पाठीला कुबड, पर नारिंगी, वजन पन्नास किलोच्या पुढे जाणारा. गंमत नाही, वेदनेची गोष्ट आहे की जगभरचे गळवाले ज्याच्यासाठी कावेरीवर यायचे, त्या माशाला २०१८ पर्यंत नीट शास्त्रीय ओळखसुद्धा नव्हती. त्या वर्षी ठरलं की ‘टॉर रेमादेवी’ या शास्त्रीय नावाचा मासा तो हाच, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. त्याची नदीतली संख्या घटत असताना निळसर परांची खडशी वाढत होती. वाळूउपसा, जिलेटिनचे स्फोट, धरणांचं पाणी ही कारणंही आहेतच. सगळं खापर खडशीवर फोडता येणार नाही. म्हणून ‘मासा तो मासा’ हे मला पटत नाही. एका नदीत जे पुण्याचं काम, तेच दुसऱ्या नदीत नुकसान करू शकतं. बोटुकली तीच, फक्त नदी वेगळी.

आता गळवाल्यांचं. गळ माशाला इजा करतो, यात वाद नाही. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात मासा दमवायचा आणि वर फोटोसाठी हवेत धरून ठेवायचा, हे मलाही खपत नाही. पण कुबडाचा महाशीर कमी होतोय हे आपल्याला कळलं कुठून? सरकारी नोंदींतून नाही. कावेरीकाठच्या गालिबोरेच्या कॅम्पवर गळवाले धरलेला मासा तोलायचे, वहीत लिहायचे आणि परत सोडायचे. १९९८ ते २०१२ च्या त्या वह्यांमध्ये सहा हजारांहून जास्त माशांची नोंद आहे. संशोधकांनी त्या उघडल्या तेव्हा दिसलं की कुबडवाले मासे संख्येने घटतायत आणि मिळतात ते सरासरीने मोठे होत चाललेत. काठावर उभ्या माणसाला मोठा मासा मिळाला की नदी बरी आहे असं वाटतं. इथे उलटं होतं. म्हातारे उरले होते, पिल्लं येत नव्हती.

पुढे, गालिबोरे ज्यात येतं त्या अभयारण्यातली गळाची मासेमारी बंद झाली. कायद्याच्या नजरेतून ते चूक नव्हतं. पण कॅम्पवर गळाला लावायचे नाचणीचे गोळे मळून देणारी, नदीचा डोह न् डोह ठाऊक असलेली माणसं, ज्यांतली काही आधी स्वतः चोरून मासे मारायची, त्यांचा रोजगार गेला, आणि वह्याही तिथेच थांबल्या. माझी मागणी तेवढीच होती: मासा मोजणारं कुणीतरी नदीवर हवं. गळाने मोजा की दुसऱ्या कशाने.

महाडजवळ वाळणकोंडीला देवीच्या डोहात चुरमुरे टाकले की महाशीर वर येतात, तोंड पाण्याबाहेर काढून. तिथे गळ नाही, सरकारी केंद्र नाही, आणि मासा पिढ्यान्‌पिढ्या राहिला आहे. हे उदाहरण तुम्ही दिलंत ते योग्यच. पण ते एका डोहापुरतं. डोहाच्या खालच्या नदीला देवीचं संरक्षण नाही.

शेवटी एक विनंती. तुमचे वडील धरणाखालच्या डोहात खडशी धरायचे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. त्यांना आठवत असेल तर विचारा: कोणत्या महिन्यात, साधारण किती वजनाची, परांचा रंग कसा, आणि शेवटची कधी मिळाली. लिहून पाठवा. मी ते तुमच्या परवानगीने लेखाखाली लावतो.