‘चार चिंध्या’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘दर्यावर्दी’ यांस,

अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी आणि लाँगलाइन, म्हणजे हजारो गळ लावलेल्या लांब दोराची मासेमारी, यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया जशी आली तशी ठेवली आहे, एक अक्षर काढलेलं नाही. गळांवर मरणारे पक्षी वाचवायला बोटीमागे भडक पट्ट्यांचा दोर आणि गळाजवळ वजन लावावं, असं मी त्यात लिहिलं होतं. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो: बोटीमागे चार चिंध्या आणि छटाकभर शिसं बांधून पक्षी वाचत नसतात, पक्ष्यांचे खरे शत्रू बेटांवरचे उंदीर आणि समुद्रातलं प्लास्टिक, असले नियम शेवटी कोकणातल्या गरीब मच्छीमाराच्या गळ्यात येतात, आणि मी ‘एसीत बसून पक्ष्यांसाठी रडणारा, गळ कधी हातात न धरलेला’ माणूस आहे.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेच लागलं. लाँगलाइन बोटींवरच्या निरीक्षकांच्या नोंदी मी बारा वर्षं तपासतो आहे. गळाला वजन किती, दोर किती वाजता सोडायला घेतला, ओढताना वर काय आलं, हेच माझं रोजचं काम. माझा मुद्दा चूक असेल तर तो खोडून काढा. तुमच्या प्रतिक्रियेत एकही आकडा नाही, हिणवणं मात्र ओळीओळीत आहे. चर्चेची ही रीत नव्हे.

एक चूक मान्य करतो. लेखात पक्षी हाकलणाऱ्या पट्ट्यांच्या दोराबद्दल मी ‘शंभर मीटरचा दोर’ असं लिहिलं होतं. मोठ्या बोटीसाठी शंभर मीटर ही पाण्याला न टेकता हवेत राहणाऱ्या भागाची लांबी आहे. सबंध दोर त्याहून लांब असतो आणि त्याचं टोक पाण्यात ओढ धरतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘चिंध्या’. हा शब्द तुम्ही ज्या तोऱ्यात वापरलात, त्यावरून ही वस्तू काय काम करते हे तुम्ही पाहिलेलं दिसत नाही.

ट्यूना पकडणाऱ्या लाँगलाइनचा मुख्य दोर कधीकधी शंभर किलोमीटरपर्यंत जातो. त्याला दोन-तीन हजार उपदोर, प्रत्येकाच्या टोकाला गळ आणि गळाला म्हाकूळ किंवा बांगड्यासारखा मासा. बोट ताशी दहा नॉटने पुढे जात असते, म्हणजे सेकंदाला सुमारे पाच मीटर. गळ पाण्यात पडला की बोटीच्या पंख्याच्या खळबळीत तो काही क्षण वरच तरंगतो. आमिष नीट वितळलेलं नसेल तर आणखी जास्त वेळ. पक्षी मरतो तो त्या काही सेकंदांत. आमिषावर झडप घालतो, गळ चोचीत किंवा पंखात रुततो आणि दोराच्या वजनाने तो खाली ओढला जाऊन बुडतो.

पक्षी हाकलणारा दोर तेवढे सेकंद सांभाळतो. पस्तीस मीटर किंवा त्याहून लांब बोटीवर तो पाण्यापासून किमान आठ मीटर उंचीवर, मागच्या खांबाला बांधायचा. दर पाच मीटरच्या आत भडक रंगाच्या पट्ट्या लावायच्या. त्यातल्या लांब पट्ट्या शांत पाण्यात पृष्ठभागापर्यंत पोचल्या पाहिजेत, आणि त्या फिरत्या कडीवरच बसवायच्या. नाहीतर वाऱ्याने दोराभोवती गुंडाळल्या जातात आणि उरतो नुसता दोर. शंभर मीटर हवेतला दोर म्हणजे दहा नॉटला वीस सेकंद. गळ सेकंदाला ०.३ मीटर वेगाने बुडत असेल तर दोराचं छत्र संपेपर्यंत तो सहा मीटर खाली गेलेला असतो. अल्बाट्रॉसची झेप बहुतेक वेळा तिथवर जात नाही.

पण तो वेग आपोआप मिळत नाही. तुमचं ‘छटाकभर शिसं’ इथे येतं. वजन गळापासून तीन-चार मीटरवर असेल तर आधी वजन बुडतं, मधला दोर ताणला जाईपर्यंत गळ वरच रेंगाळतो. म्हणून वजनाइतकंच अंतर महत्त्वाचं: ४० ग्रॅम असेल तर गळापासून अर्ध्या मीटरच्या आत, ६० ग्रॅम एका मीटरच्या आत, ८० ग्रॅम दोन मीटरच्या आत. खलाशांना यात धोका आहे हे मला ठाऊक आहे, ते सांगायला तुमची गरज नव्हती. शार्कने दोर तोडला की ताणलेलं शिसं गोळीसारखं बोटीवर परत येतं आणि त्याने माणसं दगावली आहेत. म्हणूनच सरकतं वजन आलं. दोर तुटला की ते दोरावरून घसरून निघतं आणि मारा खूपच कमी होतो.

पांढऱ्या हनुवटीचा पेट्रेल हा समुद्रपक्षी मात्र दहा-बारा मीटर बुडी मारतो. तो आमिष खालून वर आणतो आणि वर टपलेला अल्बाट्रॉस ते हिसकावून घेतो. म्हणजे सहा मीटरवर सुरक्षित वाटलेला गळ पुन्हा पृष्ठभागावर येतो. या कारणासाठी पट्ट्यांचा दोर आणि वजन यांच्या जोडीला तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे गळांचा दोर रात्री सोडणं. त्यालाही मर्यादा आहेत. पौर्णिमेच्या आसपास उजेड पुरेसा असतो आणि हा पेट्रेल रात्रीही खातो. दक्षिणेतल्या उन्हाळ्यात रात्र इतकी आखूड असते की हजारो गळ उजाडायच्या आत टाकून होत नाहीत. तिन्ही उपाय एकत्र हवेत हा आग्रह इथूनच आला आहे. हिंदी महासागरातल्या ट्यूना आयोगाने मात्र २५ अंश दक्षिणेच्या खाली तीनपैकी दोनच सक्तीचे केले, आणि किमान ५ टक्के मासेमारी बोटीवरच्या निरीक्षकाच्या नजरेखाली व्हावी, एवढीच अट ठेवली. राग यायचा असेल तर याचा यावा.

पट्ट्यांचा दोर फसतो तेव्हा कशाने फसतो, तेही ऐका. आडवा वारा त्याला गळांच्या रेषेवरून बाजूला ढकलतो, म्हणून वारा येतो त्या बाजूला तो बांधावा लागतो. टोक तरंगत्या बोयांत अडकतं, म्हणून मध्ये ताण आल्यावर तुटणारा कच्चा जोड ठेवतात आणि बोटीवर दुसरा दोर तयार असतो. बोट मंदावली की दोर पाण्यावर पडतो. ज्या बोटीने हे सांभाळलं नाही तिथे उपयोग झाला नाही, हे खरं. त्यावरून उपायच खोटा ठरवणं हा अन्याय आहे.

आणि अन्याय कुणावर? हा दोर कुठल्या एसीच्या खोलीत सुचलेला नाही. तो जपानी ट्यूना बोटींवरच्या मच्छीमारांनी काढला, कारण पक्ष्याने खाल्लेल्या आमिषावर मासा लागत नाही. जपानीत पक्ष्याला ‘तोरी’ म्हणतात, म्हणून जगभरच्या बोटींवर याचं नाव ‘तोरी लाइन’. नामिबियात वॉल्व्हिस बे इथल्या बायकांचा एक गट हे दोर बनवून विकतो. तिथे २०१५ मध्ये हेक माशाच्या लाँगलाइन बोटींना ते सक्तीचे झाले, आणि वर्षाला सुमारे वीस हजार पक्षी मरत होते ते २०१८ मध्ये दोनशेच्या थोडे वर आले. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती टूथफिश माशाच्या गळांवर १९९७ च्या हंगामात साडेपाच हजारांहून जास्त पक्षी मेल्याचा अंदाज आहे. रात्री दोर सोडणं, वजन, पट्ट्यांचा दोर आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात मासेमारी बंद, एवढ्यावर काही वर्षांत तो आकडा पन्नासच्या आत आला. तरीही तिथली ‘भटका अल्बाट्रॉस’ ही जात घटतेच आहे, कारण हे पक्षी हजारो किलोमीटर लांब, नियम ढिले असलेल्या पाण्यात चरायला जातात.

उंदरांबद्दल: दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर ते पिल्लं खातात, २०२१ ची ते संपवायची मोहीम फसली, हे सगळं खरं आहे. पण उंदीर मुख्यतः पिल्लं मारतो, गळ मुख्यतः मोठे पक्षी. भटका अल्बाट्रॉस साधारण दहाव्या वर्षी वीण सुरू करतो आणि दोन वर्षांत एकच अंडं घालतो. एक मोठा पक्षी गेला की त्याची भरपाई व्हायला दशक जातं. प्लास्टिकवर वेगळं लिहीन, त्याची इथे सरमिसळ नको.

कोकणाचं तर कारणच नव्हतं. रत्नागिरी १७ अंश उत्तरेला आहे, हा नियम २५ अंश दक्षिणेच्या खाली लागतो, आणि माझ्या लेखात कोकणातल्या होडीवर एक शब्दही नाही. आपल्या मच्छीमाराला ढाल करून वाद जिंकायचा हा प्रकार मला अजिबात आवडला नाही.

पुन्हा लिहाल तर एवढं सांगा: तुम्ही पाहिलेल्या बोटीवर दोर किती उंचीवर बांधला होता, वजन गळापासून किती अंतरावर होतं आणि दोर सोडताना वेग किती होता. तेवढं कळलं की दोर का चालला नाही, त्यावर बोलता येईल.