उन्हाळा आहे म्हणून टायरची हवा काढू नका रे!

आज दुपारी तीनच्या सुमारास हायवेवरच्या एका पंपावर हवा बघायला थांबलो. पोराने नळी लावली, मशीनवर 38 आलं आणि मला न विचारता तो हवा सोडायलाच लागला. "उन्हाया शे भाऊ, कमीच ऱ्हाऊ द्या, नहीतं फुटी जाई." मी थांबवेपर्यंत काटा 28 वर. मागे मोठ्या एसयूव्हीतले एक काका काच खाली करून म्हणतात, "बरोबर सांगतोय तो." डोकं सणकलं!

अरे, गाडी धुळ्याहून तापून आलेली. रस्ता तव्यासारखा. सकाळी थंड टायरमध्ये 33 भरली की दुपारी धावून धावून ती 37-38 होणारच. पाच-सहा अंश तापमान वाढलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने (मशीनवरचा एक आकडा) वाढतो, आणि कंपनीने हे धरूनच आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर आहे. तो आकडा थंड टायरचा आहे. तापलेल्या टायरमधून 28 पर्यंत हवा काढली तर उद्या सकाळी त्यात 24 उरेल. आणि त्या 24 वर तुम्ही बायकापोरांना घेऊन हायवेला लागणार?

टायर जास्त हवेने फुटतो असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. टायरवरच कमाल दाब छापलेला असतो, बऱ्याच गाड्यांच्या टायरवर 44 किंवा 51. तोही थंड टायरचा. 38 ला काय होणार आहे? हवा कमी असली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दबते. ऐंशीच्या वेगात चाक सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरतं, म्हणजे तेवढ्या वेळा ते रबर दुमडतं आणि सरळ होतं. तार इकडून तिकडे वाकवत राहिलं की ती गरम होऊन तुटते ना, तसंच. आतले थर सुटतात आणि मग एका क्षणात धडाम.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. वैशाखातलं लग्न होतं, जळगावहून धुळ्याला निघालो होतो. गाडी मावसभावाची, सात माणसं, मागे आहेराची भांडी. स्टिअरिंगवर मामा, एसटीतून रिटायर झालेले. निघताना मामांनी विचारलं, "हवा पाहिली का रे?" भाऊ म्हणाला, "कालच कमी करून आणली मामा, उन्हाळा आहे ना." मामांच्या कपाळाला आठी पडली, पण अक्षतांची वेळ गाठायची होती. पारोळा सोडलं आणि मुकटीच्या अलीकडे मागचा डावा टायर गेला.

मी मामांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडला, गाडी आपोआप मंदावली आणि नांगरलेल्या वावराच्या कडेला थांबली. मागे मामी विठ्ठल विठ्ठल करत होती. तिथे दुसरा कोणी असता आणि त्याने दचकून ब्रेक दाबला असता, तर मी ही पोस्ट लिहीत नसतो.

नंतर पारोळ्यातल्या टायरवाल्या चाचांनी तो टायर रिमवरून उतरवला आणि आतला हात माझ्यासमोर धरला. ओंजळभर काळी पूड. "ये देखो, साइडवॉल अंदर से पिसा है. हवा कम थी." तो हात मी विसरू शकत नाही. त्यामुळेच आज पंपावर एवढा भडकलो.

आता लिहिता लिहिता त्या पोराबद्दल वाईट वाटतंय. असेल अठरा-एकोणीसचा. 44 डिग्रीत डोक्याला रुमाल बांधून उभा, त्याला कोणी शिकवलंय? जो येतो तो म्हणतो कमी ठेव, म्हणून तोही ठेवतो. त्याच्यावर आवाज चढवायला नको होता असं कोणी म्हणेल, पण मी त्याला नीट समजावलं, परत 37 भरून घेतली आणि त्याने ऐकूनही घेतलं. राग आहे तो त्या काकांवर. लाखोंची गाडी, दारावरचा स्टिकर कधी वाचला नाही, आणि वर इतरांना सल्ले!

हो, शेतात ट्रॅक्टरवाले हवा कमी करतात, तापीच्या वाळूत जीपवालेही करतात. मान्य. पण ते चालतात किती वेगाने? आणि हवेऐवजी टायरमध्ये नायट्रोजन भरणाऱ्यांनी कमेंटमध्ये येऊ नका. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. नुसता नायट्रोजन थोडा हळू उतरतो, एवढंच.

गुळगुळीत किंवा फार जुना टायर मात्र बरोबर हवेनेही वाचणार नाही, हेही खरं. टायर कधी बनला ते कळायला त्यावर DOT अक्षरांपुढे छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. भावाच्या टायरवर नक्षी चांगली शिल्लक होती, म्हणूनच मला जास्त लागतं ते. टायर चांगला होता रे!

आणि लग्नाला सात माणसं नेताना तर हवा वाढवायची असते. बऱ्याच गाड्यांत त्याच स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा असतो, मागच्या चाकांना जास्त. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

स्टेपनीही बघा. त्या दिवशी स्टेपनी काढली तर तीही बसलेली. मुकटीहून एकाच्या टेम्पोतून पंप आला तेव्हा कुठे निघालो, आणि अक्षता तर चुकल्याच.

माझ्याकडे चांगला गेज आहे. धुळ्यात देवपुरात राहणाऱ्या कोणालाही हवा तपासायची असेल तर सकाळी आठच्या आत घरी या, गाडी तापायच्या आधी. मेसेज टाकून या फक्त.